बसणाऱ्याने केलेलं दार

४ ऑक्टोबर

प्रिय सौ.,

पोचलो. गाडीने इतके हिसके दिले की कंबर अजून वाटेतच कुठेतरी आहे, ती येईल मागून.

उतरताक्षणी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात गोळा केले आणि डब्यावर स्वतः बसले. म्हणाले, "वादळात मोडलेली घरं नीट करायला आलोय आपण. मान खाली घालून बोटं फिरवायला नाही." तेव्हा महिनाभर पत्रं. सामानाची गाडी आठवड्यातून दोनदा डोंगर चढून येते, टपालही तीच आणते. मी बोलत असलो की तुला मध्ये तोंड उघडायला मिळत नाही अशी तुझी तक्रार असते ना, आता घे उघडून.

आमच्या टोळीत आम्ही चौघं. पाळकसाहेब, मी, दाताच्या डॉक्टरीणबाई आणि तो नळकाम करणारा गृहस्थ, जो उपासनेला आपल्या मागच्या बाकावर बसून घोरतो. त्याला इथे मुकादम केलंय. पद मिळाल्यापासून त्याचा आवाज डोंगरापलीकडे जातो.

आमच्या वाट्याला गावाच्या टोकाचं एका आजींचं घर आलंय. अर्ध्या छपराचे पत्रे उडालेत, न्हाणीघराची भिंत खचलीय, जमिनीच्या फळ्या पाणी पिऊन फुगल्यात. आजी एकट्याच राहतात. मुलगी खाली शहरात असते. तिने सांगून ठेवलंय, महिनाअखेरीला येऊन बघेन, घर राहण्यासारखं असलं तर राहा, नसलं तर सामान बांधून माझ्याकडे. आजींना जायचं नाही. "तिच्या घरात सगळं गुळगुळीत आहे, माणूस घसरून मरेल," म्हणाल्या. म्हणजे आजी इथे राहणार की नाही, ते आता आमच्या हातात आहे.

आजी मोठ्या तल्लख आहेत. सकाळी आम्ही एकेक करून आत येतो तेव्हा त्या चुलीकडे तोंड करून बसलेल्या असतात. मागे वळूनही न बघता म्हणतात, "या मुकादम", "या डॉक्टरीणबाई". एकदाही चुकत नाहीत. या वयात अशी बुद्धी मी पाहिली नाही.

मला इथे फार जबाबदारीचं काम दिलंय. तपशील पुढच्या पत्रात. माझी पाणसळ बरोबर घेतली ते बरं केलं. तो बुडबुडा मधोमध आल्याशिवाय मी कुणालाही एक खिळा ठोकू देत नाही.

तुझा,
इन्स्पेक्टर


८ ऑक्टोबर

अहो,

पत्र मिळालं. जबाबदारीच्या कामाचा तपशील मात्र पत्राच्या आधीच मिळाला. पाळकसाहेबांनी घरी लिहिलं आणि त्यांच्या मिसेसनी तो महिला सभेत सगळ्यांना वाचून दाखवला.

नियम चांगला आहे हो पाळकसाहेबांचा. ज्या घरी काम चालू असेल तिथे एकाने हातात हत्यार न घेता घरच्या माणसाजवळ बसायचं, बोलायचं, ऐकायचं. नाहीतर म्हणे घर नीट होतं आणि माणूस ठोकाठोकीत एका कोपऱ्यात पडून राहतो. अशा माणसाला "बसणारा" म्हणतात. आणि तुमच्या टोळीचा बसणारा एकमताने निवडला गेला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी सुईत दोरा ओवत म्हटलं, "योग्य निवड आहे. त्यांना अनुभव आहे."

आता आपल्या स्वयंपाकघरातल्या खिडकीबद्दल. ती अजून लागत नाही. तुम्ही घडी करून खुपसलेला कागद काल वाऱ्याने उडून आमटीत पडला. त्या खिडकीची तुम्ही आजवर जितकी मापं घेतलीत तितकी मी उभ्या जन्मात कुणाच्या झग्याची घेतली नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते असं. जगाची छपरं करायला निघाले आणि बायको खिडकीला चिंध्या कोंबत बसलीय.

बाकी घर शांत आहे. जिन्यावर कुणी धाडधाड पाय आपटत नाही. खालच्या बाईंनी मुद्दाम वर येऊन सांगितलं की त्यांच्या छताचा चुना पडायचा थांबलाय. मी म्हटलं, महिनाभर मजा करा.

गार हवा असेल. कानटोपी तुमच्या पिशवीत तळाला आहे, पाणसळीच्या खाली. पाणसळ तुम्ही वर ठेवली असणार हे मला माहीत आहे.

मी


११ ऑक्टोबर

प्रिय सौ.,

तुला कळलंच आहे तर लपवण्यात अर्थ नाही. हो, मी बसतो.

पहिल्या दिवशी मी शिडीखाली उभा राहून मुकादमाला एवढंच सांगितलं की तुझा पत्रा डावीकडे कलतोय. मग तो उजवीकडे कलला, तेही सांगितलं. माणसाने चूक दाखवायची नाही का? उभी हयात मी दुकानदारांचे तराजू तपासले, कुणाची भीड धरली नाही. तर हा गृहस्थ शिडीवरून खाली उतरला आणि पाळकसाहेबांना म्हणाला, "यांना बसवा. नाहीतर मी बसतो." डॉक्टरीणबाईंनी तोंडात खिळे धरले होते, तरी त्या हसल्या.

आता मी दिवसभर वाटाणे सोलतो. वाटाणे संपले की आजी लोकरीचा गुंडा करायला देतात आणि मी दोन्ही हात पुढे करून कैद्यासारखा बसतो. मला "बसणारे साहेब" म्हणतात. बोलतात मात्र झकास. त्यांच्या घराचं पुढचं दार त्यांच्या यजमानांनी स्वतः बसवलेलं, आणि पहिल्या दिवसापासून वाकडं. आजी म्हणाल्या, "हे दार उद्या नीट करतो, उद्या करतो म्हणत गेले. मग एक दिवस खरंच गेले. दार आहे." मला उगीच आपली खिडकी आठवली. मी खाली बघून वाटाणे सोलत राहिलो.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो, महिला सभेत नको. काल त्यांनी मला बियांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. पाकीट उलटं धरलं होतं. मी ते सुलटं केलं, तर त्याच म्हणाल्या, "उजेड आणि अंधार, एवढंच उरलंय. खिडकी कुठे आहे ते कळतं. खिडकीत कोण आहे ते नाही." हे मुलीला ठाऊक नाही. तिला कळलं तर घर कितीही नीट असो, ती त्यांना उचलून नेणार. मला शपथ घालायला लागल्या. मी म्हटलं, "मी सरकारी माणूस होतो, गुप्त गोष्टी पोटात ठेवायची सवय आहे." तुला लिहिलं ते काही कुणाला सांगणं नव्हे.

आता मुख्य मुद्दा. ते दार. माझ्याच्याने बघवत नाही. खालून जमिनीला घासतं, वरून चौकटीत अडकतं, आणि उघडताना असा काही आवाज काढतं की दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही शहारा येतो. मुकादम खांदा लावून आत घुसतो. डॉक्टरीणबाई मूठ वर उचलून हळूहळू ओढतात. दूधवाला दोन धक्के मारतो. मुलगी आली की लाथेने ढकलते म्हणे, आजींनी शंभरदा सांगूनही. आणि ही न दिसणारी म्हातारी रोज त्या दाराशी झुंजते.

हे दार मी करणार. गुरुवारी पाळकसाहेब आजींना शेजारी प्रार्थनेला नेणार आहेत. तेवढ्यात मुकादमाचा रंधा मिळाला की बस. आजींना आल्यावर एकदम कळेल. बसणारा म्हणून आलो असलो तरी नुसता बसून परत येणार नाही.

तुझा,
इन्स्पेक्टर


१४ ऑक्टोबर

अहो,

घाईत कार्ड टाकतेय. दाराला हात लावायच्या आधी आजींना विचारा. आश्चर्याचा धक्का द्यायला जाऊ नका. मागे मला आश्चर्य म्हणून तुम्ही शिवणाच्या मशीनला तेल दिलं होतं आणि सगळ्या पांढऱ्या गणवेशांवर डाग पडले होते, आठवतंय ना? त्या शाळेने अजून मला काम दिलेलं नाही.

खिडकीसाठी सुताराला निरोप धाडलाय.

मी


१६ ऑक्टोबर

प्रिय सौ.,

तुझं कार्ड मिळालं, पण दार बसवून झाल्यावर.

आधी दाराबद्दल सांगतो. असं दार तू पाहिलं नसशील. बिजागऱ्या बदलल्या, खालची कड रंध्याने साफ केली, चौकट तासली. पाणसळ लावली तर बुडबुडा मधोमध असा बसला की जन्मला तेव्हापासून तिथेच होता. करंगळीने ढकलायचं. आवाज नाही, कुरकुर नाही. मुकादम दहा वेळा उघडझाप करून म्हणाला, "साहेब, तुम्हाला उगाच बसवलं." त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर मी इतरांच्या वस्तू खऱ्या की खोट्या ते सांगितलं. स्वतःच्या हाताने एक वस्तू खरी केली ती ही.

आजी आल्या. मी त्यांचा हात धरून दारावर ठेवला. त्यांनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. म्हणाल्या, "छान झालंय. त्रास घेतलात." आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

तेव्हापासून बाईंचं काहीतरी बिनसलंय. वाटाणे देत नाहीत. चुलीकडे तोंड करून बसायच्या, त्या आता खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसतात. दूधवाला आत येऊन "दूध" म्हणाला तर अशा दचकल्या की मांडीवरचं भांडं खाली गेलं. मी पुढे झालो तर मलाच विचारतात, "कोण आहे?" सकाळी कुणाला नावाने हाक नाही. आज दुपारी डॉक्टरीणबाई दोनदा आतबाहेर करून गेल्या, आजींना पत्ता नाही. मला वाटतं वयाने बुद्धी एकाएकी ढळली असावी. होतं असं.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. काल त्यांनी दूधवाल्याबरोबर मुलीला निरोप धाडला की दार झालं, घर झालं, पण मी तुझ्याकडे येते, गाडी घेऊन ये.

पाळकसाहेब डोक्याला हात लावून बसलेत. छप्पर पक्कं, फळ्या नव्या, भिंत उभी, आणि ज्यांच्यासाठी केलं त्या निघाल्या. मी विचारलं, "आजी, दारात काही कमी आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. दारात काहीच कमी नाही." मला फार लागलं ते. माणसाने जीव ओतून काम करावं आणि समोरच्याने उठून चालतं व्हावं. काय चुकलं ते कळत नाही.

तुझा,
इन्स्पेक्टर


२० ऑक्टोबर

अहो इन्स्पेक्टर,

आजींची बुद्धी शाबूत आहे. तुमची मला काळजी वाटते.

तुमची सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. तुम्हीच लिहिलंय की त्या पाठमोऱ्या बसून कोण आलं ते ओळखायच्या. तुम्हीच लिहिलंय की त्यांना उजेड-अंधारापलीकडे दिसत नाही. आणि तुम्हीच लिहिलंय, मुकादम खांदा लावतो, डॉक्टरीण मूठ उचलते, दूधवाला दोन धक्के मारतो, मुलगी लाथ मारते. अहो, एवढं तीन पत्रांत लिहून तुम्हाला एकत्र वाचता येईना? त्या दाराच्या आवाजावरून माणसं ओळखत होत्या. प्रत्येकाच्या हाताने ते वेगळं ओरडत होतं. तेच त्यांचे डोळे होते, आणि तुम्ही त्यांच्यावर रंधा फिरवलात. आता घरात कोण शिरतं ते त्या बाईला कळत नाही. एकटीने त्या घरात कशी राहील ती? जाईल नाहीतर काय करेल? आणि चांगल्या मनाच्या आहेत म्हणून तुम्हाला "छान झालंय" म्हणाल्या.

मला कसं कळलं म्हणाल. मी मशीनवर बसते तेव्हा माझी पाठ दाराकडे असते. तुम्ही जिन्याच्या त्या ढिल्या पायरीवर पाय आपटलात की मी उठून चहा ठेवते. तुम्ही आत येता, कप हातात घेता आणि म्हणता, "वा, बरोबर वेळेवर." इतकी वर्षं तुम्हाला वाटतं की तो योगायोग आहे.

हल्ली ती पायरी वाजत नाही. मला संध्याकाळी घरात बसवत नाही. मी मशीन सोडून खालच्या बाईंकडे जाऊन बसते. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहून झालं, शाईने लिहिलंय, खोडलं तर डाग पडेल.

तेव्हा उठा. बसणं पुरे झालं. मुलगी यायच्या आत ते दार बिघडवा.

मी


२६ ऑक्टोबर

प्रिय सौ.,

तुझं पत्र मी अंगणात उभ्याने वाचलं आणि पत्र्यांच्या ढिगावर मटकन बसलो. मग आत जाऊन आजींना विचारलं, "आजी, तुम्हाला दार ऐकू येत नाही म्हणून तुम्ही जाताय का?" त्यांनी हातातली लोकर खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही इतक्या हौसेने केलंत. कसं सांगू?"

मला त्या वेळी जमिनीने पोटात घेतलं असतं तर मी हरकत घेतली नसती.

पण पुढे ऐक. तुला वाटेल दार बिघडवणं सोपं. नीट करायला एक सकाळ लागली, बिघडवायला आमच्या चौघांच्या नाकी नऊ आले. बिजागरीचे स्क्रू ढिले केले तर दार नुसतं लोंबायला लागलं, आवाज नाही. खाली खडे टाकले तर भलताच आवाज. आजी चुलीकडे तोंड करून परीक्षक म्हणून बसल्या. "हे आमचं दार नाही," म्हणाल्या, "हे कुणातरी पाहुण्याचं दार आहे." मुकादम चिडून म्हणाला की जन्मात पहिल्यांदाच मी गिऱ्हाइकाला आवाज पसंत पडेपर्यंत काम करतोय.

शेवटी तोड डॉक्टरीणबाईंनी काढली. दाराची कड हाताने चाचपून म्हणाल्या, "इन्स्पेक्टरसाहेब, दात प्रमाणाबाहेर घासला की तो परत वाढत नाही. वर टोपी बसवावी लागते." आजींच्या मोडक्या फडताळाची एक जुनी फळी होती, दाराच्याच लाकडाची. तिची पट्टी कापून मी कडेला चिकटवली आणि डॉक्टरीणबाईंनी ती कानशीने अशी घासून बसवली की मी तोंड उघडून बघत राहिलो, आणि त्यांनी सवयीने "अजून मोठा आ करा" असंही म्हटलं. जुन्या बिजागऱ्या मुकादमाने भंगारातून शोधून आणल्या.

मग तालीम. मुकादमाने खांदा लावला. दार किंचाळलं. आजी म्हणाल्या, "मुकादम." डॉक्टरीणबाई. बरोबर. दूधवाला त्या वेळी हजर नव्हता म्हणून पाळकसाहेबांनी दोन धक्के मारले. आजी थोडं थांबून म्हणाल्या, "धक्के दूधवाल्याचे आहेत, पण माणूस पाळक आहे. मारताना माफी मागितल्यासारखं मारलं." आम्ही सगळे हसलो आणि सगळ्यात जास्त पाळकसाहेब हसले. शेवटी मी. मी दार थोडं उघडलं, थांबलो, कुठे अडतंय ते वाकून बघितलं आणि मग आत आलो. आजी म्हणाल्या, "बसणारे साहेब. तपासून आले." आणि माझ्यापुढे वाटाण्यांची टोपली सरकवली. सांगतो तुला, इतक्या आनंदाने मी कधी वाटाणे सोलले नाहीत.

आजी आता राहायचं म्हणत होत्या, पण निरोप गेलेला. काल मुलगी आली, सामानाची मोठी गाडी घेऊनच. अंगणातून तरातरा आली आणि दाराला लाथ घातली. दार असं ओरडलं की छपरावरचे पक्षी उडाले. आतून आजी, "आलीस? आणि पायाने ढकलू नकोस, किती वेळा सांगू."

मुलगी उंबऱ्यातच थांबली. दाराकडे बघत राहिली. मग आत येऊन तिने सगळं घर ठोकून ठोकून पाहिलं. पत्रे, भिंत, फळ्या. कुठे नाव ठेवायला जागा नाही. परत दारापाशी आली आणि म्हणाली, "एवढी माणसं महिनाभर राबली आणि एक दार सरळ करता आलं नाही? कुणी केलंय हे?"

आता काय सांगणार? खरं कारण सांगावं तर आजींच्या डोळ्यांची गोष्ट बाहेर येते. न सांगावं तर टोळीची अब्रू जाते. मुकादम लाल झाला. पाळकसाहेबांना खोटं बोलता येत नाही, त्यांनी नुसतंच तोंड उघडलं. आणि मी उठलो. वाटाण्यांची टरफलं मांडीवरून खाली पडली.

म्हटलं, "मी केलंय."

"तुम्ही काय काम करता?"

"वजनमापं निरीक्षक. निवृत्त."

तिने दाराच्या फटीतून आरपार बघितलं आणि म्हणाली, "दिसतंय ते."

मी मान खाली घालून उभा राहिलो. माझ्या पिशवीत पाणसळ होती. तिची शपथ घेऊन सांगतो, आजवर मला कुणी असं बोललं नव्हतं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "राहू दे गं. ते बसणारे आहेत. शिकतील हळूहळू." मग मुलीला म्हणाल्या, "आणि मी काही येत नाही. माझा बेत बदलला." मुलीने वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं.

निघताना तिने मला खुणेने अंगणात बोलावलं. मला वाटलं उरलेलं आता ऐकवणार. ती रिकाम्या गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका. आईला ऐकू जावं म्हणून बोलले. मी नेहमीसारखी तडतडले नाही तर तिला संशय येतो."

मी शर्टाला चिकटलेलं वाटाण्याचं टरफल काढलं.

"दार नीट झाल्याचा निरोप आला आणि मी त्याच क्षणी गाडी ठरवली," ती म्हणाली. "म्हटलं आता तिला इथे ठेवणं बरं नाही. आज ते दार वाजलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तुम्हाला काय वाटलं, मला दार हाताने उघडता येत नाही? मी लाथ मारते ती तिला आत बसल्या बसल्या कळावं म्हणून, की मी आले. तिला दिसत नाही हे मला माहीत आहे असं तिला सांगू नका. ती खचेल."

गाडी रिकामीच उतारावरून गेली. मी आत आलो. आजींनी विचारलं, "काय म्हणत होती?" म्हटलं, "दाराबद्दल आणखी बोलत होती." त्या हसल्या. "तिची जीभ तशीच आहे. मनाने बरी आहे. तिला काही कळलं नाही ना?"

"नाही," म्हटलं. माझ्याकडे आता मायलेकींची दोन गुपितं आहेत आणि तुला लिहिलं ते काही कुणाला सांगणं नव्हे. पाळकसाहेब मात्र मला म्हणाले, "तुम्ही 'मी केलंय' म्हणालात त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मी मनात तपासून पाहिलं."

आम्ही शनिवारी निघतो. पाणसळ मी मुकादमाला देऊन टाकली. पुढे कुणाचे पत्रे लावताना त्याला ती लागेल.

खिडकीचं मी आल्याबरोबर बघतो. खरंच बघतो.

तुझा,
बसणारा


२९ ऑक्टोबर

अहो,

हे पत्र तुम्हाला निघायच्या आधी मिळावं म्हणून गाडीवाल्याच्या हातात दिलंय.

तुमचं पत्र वाचून मी रडले आणि मग हसले, आणि खालच्या बाईंनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, आमच्या ह्यांनी एक दार वाकडं केलं. त्या म्हणाल्या, त्यात नवीन काय.

सुतार येऊन गेला. त्याने खिडकीचं माप घेतलं, मान हलवली आणि रविवारी येतो म्हणाला. तुम्ही सगळे एकाच शाळेत शिकलात असं दिसतंय. मी त्याला दारातूनच सांगितलं, आता येऊ नका, आमच्याकडे एक कारागीर येतोय. वाजणारी दारं करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, न वाजणारी खिडकी जमते का ते बघू. तेव्हा खिडकी तुमच्यासाठी ठेवलीय. यावेळी माप नको.

एक मात्र पक्कं ऐका. सुतार जाताना म्हणाला, "बाई, जिन्याची ती पायरी ढिली झालीय, जाता जाता दोन खिळे मारून देऊ का?" मी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि तो रस्त्याला लागल्यावर वरून खाली टाकली. त्या पायरीला तुम्हीही हात लावायचा नाही.

गाडी संध्याकाळी पोचेल. मी मशीनवर बसलेली असेन, दाराकडे पाठ करून. आल्यावर हाक मारू नका. जिना चढताना नेहमीसारखे पाय आपटत या.

मी